वरच्या खणातली मरळ

आईला कुणी विचारलं, तुमची थोरली काय करते, की ती सांगते, "माशांची पोटं फाडते आणि त्यांनी काय खाल्लं ते वहीत लिहिते." पुढे एक उसासा. माझ्या डॉक्टरेटचं जेवढं वय तेवढंच त्या उसाशाचं. मी दरवेळी चिडते, पण खरं सांगायचं तर तिचं काही चुकत नाही. गोड्या पाण्याच्या तळ्यात कोण कोणाला खातं हे शोधणं हाच माझा धंदा आहे. शेवाळ खातात पिसवेएवढे पाणकिडे, पाणकिडे खातात चिलापी माशाची पिल्लं, पिल्लं खाते मरळ. मरळ म्हणजे सापासारख्या तोंडाचा, बुळबुळीत, दात असलेला मासा. छोट्या तळ्यात तिच्या वर कुणी नसतं. तिच्या वर असलाच तर माणूस.

घरात मला तापट म्हणतात. ते बरोबरच आहे. पण मी भित्री आहे हे कुणाला माहीत नव्हतं. त्या आषाढातल्या रविवारपर्यंत मलाही नव्हतं.

आम्ही लालबागला राहतो. चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत. बाबा जवळच्याच एका गिरणीच्या टाइम ऑफिसात कारकून होते. खंडेनवमीला यंत्रांची पूजा असायची तेव्हा कामगारांच्या पोराबाळांना आत सोडायचे, आणि बाबा मला बॉयलरच्या मागचं तळं दाखवायला न्यायचे. बॉयलरला पाणी लागायचं म्हणून खणलेलं, दगडी काठाचं चौकोनी तळं. मी प्रसादाचे पेढे त्यात टाकायचे आणि खालून काळं काहीतरी वर यायचं, पेढा घेऊन परत खाली जायचं. बाबा म्हणायचे, "ती मरळ. हात लावू नकोस, चावते." माझ्या आयुष्याचं काय करायचं ते बहुतेक तिथेच ठरलं. पुढे गिरणी बंद झाली, छप्पर गेलं, बाबाही गेले. चहूबाजूंनी टॉवर उभे राहिले. तळं मात्र कोर्टकचेरीत अडकून तसंच राहिलं, आणि मी परवानगीचं पत्र घेऊन त्याच तळ्यावर काम करायला लागले. गिरणीचं नाव मी लिहीत नाही, तसं कबूल केलंय.

त्या वर्षी मे महिन्यात तळं हिरवं झालं. हिरवट नव्हे, हिरवं. कुणी ऑइलपेंटचा डबा उपडा केल्यासारखं. काठाला चिलापी उलट्या होऊन तरंगत होत्या. गेटवरचे वॉचमनकाका माझ्याबरोबर काठापर्यंत आले आणि सहज बोलावं तसं म्हणाले, "मॅडम, हितला मासा आम्ही नेहमी खातो. पण परवा खाल्ला तर दोन दिवस उठलोच नाय बघा. नुसत्या उलट्या."

मला तेव्हाच शंका आली होती. त्या हिरव्या शेवाळातल्या काही जाती विष तयार करतात. ते यकृतावर जातं, म्हणजे माशाच्या काळजावर आणि ते खाणाऱ्याच्याही. उकळून, तळून जात नाही. पाणकिड्यांतून पिल्लांत, पिल्लांतून मरळीत चढता चढता ते वाढत जातं की विरत जातं, याबद्दल अभ्यासकांचंच एकमत नाही. मला तेच बघायचं होतं. काकांना दम भरला की पुन्हा इथला मासा खाल्लात तर गाठ माझ्याशी आहे. जूनमध्ये जाळं टाकून चिलापी आणि मरळी पकडल्या, मरळी दोनच मिळाल्या; मापं घेतली आणि लगेच गोठवल्या. लगेच गोठवाव्या लागतात, कारण मासा मेला तरी त्याचं पोट पचवायचं थांबत नाही; उशीर केला तर त्याने काय खाल्लं होतं ते कळायला काही उरत नाही.

जुलैमध्ये आमच्या संस्थेतला डीप फ्रीजर बंद पडला. मेकॅनिक म्हणाला, उद्या येतो. मुंबईत उद्या हा वार फार लांबचा असतो. बाकीचे नमुने शेजारच्या विभागात कोंबले, पण त्या दोन मोठ्या मरळी तिथे मावेनात. त्यातली एक मादी होती, अंड्यांनी, म्हणजे गाबोळीने, भरलेली. मी त्या दोघी बर्फाच्या डब्यात घालून घरी आणल्या.

आता माझी चूक सांगते. आईचा फ्रीज हे आईचं राज्य आहे. एकदा मी तळ्याच्या पाण्याच्या चार बाटल्या लोणच्याशेजारी ठेवल्या होत्या, तर तिने आख्खा मजला डोक्यावर घेतला होता. "गिरणीच्या डबक्यातलं पाणी माझ्या लोणच्याला लावतेस? शिकलीस कशाला मग?" पुन्हा तो तमाशा नको होता. म्हणून मी काय केलं, नमुन्यांसाठीची संस्थेची लाल पट्टीची पिशवी काढली आणि मरळी कोळणीच्या काळ्या पिशवीत बांधल्या. आत मास्किंग टेपवर पेन्सिलीने नमुना क्रमांक लिहिला, कारण पाण्यात शाई पुसते, पेन्सिल पुसत नाही. एवढी अक्कल होती. आणि ती पिशवी वरच्या खणात, कोलंबीच्या मागे, बर्फाच्या ट्रेखाली सरकवून दिली. आईला एका शब्दाने बोलले नाही. चार दिवसांचा तर प्रश्न होता.

त्यात धाकटी बहीण बाळंतपणाला आलेली. सातवा संपत आला होता. आधीची दोन राहिली नव्हती, त्यामुळे या वेळी घरात सगळेच हळू बोलायचे. तिचा नवरा नाशिकला नोकरीला, रोज सकाळ-संध्याकाळ फोन करून एकच प्रश्न विचारायचा, "हालचाल आहे ना?" आई तिला बशीतला चहासुद्धा फुंकून द्यायची. मी थट्टा करायचे, "अगं, ती गरोदर आहे, काचेची नाही." पण बाथरूमची लादी ओली दिसली की मीही आधी पुसून यायचे.

तो रविवार. मी सकाळी सातला तळ्यावर गेले. दुसऱ्या दिवशी दिव्याची अवस होती आणि मग श्रावण. आमच्याकडे श्रावणात घरात मासळीचा काटासुद्धा चालत नाही. त्यामुळे अवसेच्या आधीच्या शेवटच्या मासे-वारी आई वरचा खण पूर्ण रिकामा करते. जे असेल ते शिजवायचं, खायचं, खाऊ घालायचं. मग फ्रीज बंद करून, बर्फ पाडून, सोड्याच्या पाण्याने पुसायचा. वर्षातून एकदाच आमचा फ्रीज धुतला जातो, आणि तो गटारीला. अडतीस वर्षं मी हे बघतेय. लहानपणी तर बर्फाचे पापुद्रे खायला मी आणि बहीण भांडायचो. पण त्या वर्षी माझ्या डोक्यात तळ्याशिवाय काही नव्हतं, आणि मला आठवलं नाही.

दीड वाजता घरी आले. जिन्यातच मासळीचा घमघमाट. सगळी चाळच गटारी साजरी करत होती. मलाही कडकडून भूक लागली होती. दारात चपला काढल्या तर फ्रीज सताड उघडा, आत सोड्याचं फडकं, आणि खाली परातीत बर्फाचं पाणी.

"हात धू आधी," आई म्हणाली. "कुठल्या चिखलात लोळून आलीस? भूक लागलीय मला. तुझ्यासाठी थांबलेय."

मी मोरीत हात धुवायला वाकले. मोरीच्या कठड्यावर मास्किंग टेपचा तुकडा चिकटला होता. त्यावर माझं अक्षर होतं.

आई मागून बोलतच होती. खुशीत होती. "अगं, मरळ होती फ्रीजमध्ये! मला आठवेचना कधी घेतली. कोळणीने कधीतरी गळ्यात मारली असणार. पण एकीत गाबोळी काय सुंदर निघाली गो! हीऽऽ एवढी. अर्धी तळून दिली तिला. किती दिवस म्हणत होती गाबोळी हवी, गाबोळी हवी. अर्धी तुझी, झाकून ठेवलीय. नाहीतर म्हणशील, धाकटीचेच लाड."

मी तो टेपचा तुकडा सोलून मुठीत घेतला. तिथेच मोरीच्या कठड्यावर बसले. नळ तसाच चालू.

"कालवणात काय काय घातलंस?" मी विचारलं.

"काय घालतात? तुकड्या, डोकी, काळीज. मोठ्या माशाचं काळीज मी टाकत नाही, माहितीये ना? तुझ्या बाबांना आवडायचं."

"तिने खाल्लं कालवण?"

"छे! तिला हल्ली कालवणाचा वास तरी सहन होतोय का? नुसती गाबोळी, भात आणि सोलकढी."

"आणि तू?"

"काय खुळ्यासारखं विचारतेस? तू आल्याशिवाय मी कधी जेवलेय?"

मी आतल्या खोलीत गेले. बहीण कुशीवर पडली होती, तृप्त. मला बघून हसली. "ताई, इकडे ये. हात ठेव. गाबोळी खाल्ल्यापासून बघ कसं नाचतंय." तिने माझा ओला हात ओढून पोटावर ठेवला. आतून एक लाथ बसली, चांगली जोरात. मी हात काढून घेतला आणि म्हणाले, "हो गं." एवढंच म्हणाले. आणि बाहेर गॅलरीत जाऊन उभी राहिले.

पुढचं मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. गॅलरीत मी दहा-पंधरा मिनिटं उभी होते, आणि त्या वेळात मी गप्प बसायचा विचार करत होते. आईला मरळ कुठली ते माहीत नव्हतं. टेपचा तुकडा माझ्या मुठीत होता. काही झालं तर झालं, नाही झालं तर नाही. आधीची दोन राहिली नव्हतीच, हेही गेलं असतं तर लोकांनी नशीब म्हटलं असतं. मला कुणी काही विचारलं नसतं. समोरच्या गॅलरीत एक बाई वाळत घातलेल्या चादरी काढत होती, आणि मी तिच्याकडे बघत हे असलं काहीतरी मनात घोळवत होते. स्वतःची एवढी किळस मला कधी आली नव्हती. पण किळसेपेक्षा भीती मोठी होती. विषाची होतीच, पण त्याहून जास्त बहिणीच्या चेहऱ्याची, ती माझ्याकडे कशी बघेल त्याची.

मग वॉचमनकाका आठवले. दोन दिवस उठलो नाय बघा.

मी आत जाऊन सांगितलं. दोघींना एकदम, उभ्या उभ्या, एका दमात. मरळ कुठली, का आणली, का लपवली. शेवाळ काय करतं तेही सांगितलं, की विष काळजात साठतं, अंड्यांत किती उतरतं ते मला नक्की माहीत नाही, शिजवून जात नाही. बहीण ओरडली नाही. उठून बसली, दोन्ही हात पोटावर धरले आणि म्हणाली, "ताई, राहील ना गं हे?" आई मटकन खाली बसली. "माझ्या हाताने वाढलं मी," एवढंच पुटपुटत राहिली. "आणखी घे, आणखी घे म्हणत वाढलं."

"आई, ऐक," मी म्हणाले, "कालवणाला हात लावू नकोस. फेकू पण नकोस. मला ते तपासायला न्यायचंय." झाकून ठेवलेली माझी अर्धी गाबोळी मी पिशवीत घातली, बर्फात ठेवली, आणि बहिणीला घेऊन टॅक्सीने परळच्या हॉस्पिटलात गेले. आई मागून येणार होती, घर आवरून.

डॉक्टरीणबाई शांत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "विषाचं प्रमाण किती होतं माशात?"

"माहीत नाही. तेच तर तपासायचं होतं."

"म्हणजे तपासायचा नमुना पेशंटने खाल्ला."

"हो."

त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, ठेवून घेऊ, रोज रक्त तपासू, बाळाचे ठोके बघत राहू. तुम्ही तुमचं ते मोजून आणा, जितक्या लवकर जमेल तितकं. बहिणीने माझा हात सोडला नव्हता. सुई टोचली तेव्हासुद्धा तिने तोच हात दाबला. ती माझ्यावर चिडली असती तर मला रडता आलं असतं.

संध्याकाळी मी कालवण न्यायला घरी आले, तर टोप घासून पालथा घातलेला.

"टाकलं," आई म्हणाली. माझ्याकडे न बघता, फ्रीज पुसत. "विषारी म्हणालीस ना? घरात कशाला ठेवायचं ते?"

मी जे बोलले ते लिहायला लाज वाटते. "तुला सांगितलं होतं ना, हात लावू नकोस म्हणून! काळीज होतं त्यात, काळीज! तेच मोजायचं होतं. अडाणीपणाला काही मर्यादा? आता काय सांगू मी त्यांना?" चूक माझी, आणि ओरडत होते मी. इतर दिवशी आईने एकाला दोन सुनावल्या असत्या. त्या दिवशी ती चकार शब्द बोलली नाही. मला वाटलं, अपराधी वाटतंय तिला. वाटू दे, असंही वाटलं. हे माझं मन.

पुढचे चार दिवस जीव टांगणीला होता. सोमवारी मी संस्थेत जाऊन वरिष्ठांना सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "आधी ते मोजू. बाकीचं नंतर बोलू." हळद-तिखट आणि रवा लावून तळलेली गाबोळी तपासायची आमच्याकडे कुणाला सवय नव्हती. मसाल्यामुळे मशीन काय खोटं दाखवेल ते आधी तपासा, मग गाबोळी, सगळं तीन-तीनदा. मी एकच नमुना पुन्हा पुन्हा मोजायला लागले तेव्हा सहकाऱ्याने पिपेट माझ्या हातातून काढून घेतली. फोन वाजला की मला हॉस्पिटलचाच वाटायचा. वाजला नाही तर मी बंद पडला की काय म्हणून बघायचे.

सोमवारी संध्याकाळी आईने दिव्यांची पूजाही केली. पाटावर घासलेले दिवे, कणकेचे दिवे, सगळं. मग हॉस्पिटलात येऊन बाकावर बसली. काही खात नव्हती. पेज घ्यायची, तीही दोन घोट. अधूनमधून उठून टॉयलेटकडे जायची, परत यायची. मला वाटलं, काळजीने. तिने मला एक-दोनदा विचित्र प्रश्न विचारले. "उलटी झाली तर लगेच होते का गं, की दोन दिवसांनी?" "डोळे पिवळे कधी होतात?" मी तिरसटून म्हणाले, "आई, असलं अभद्र विचारू नकोस. तिला काही झालेलं नाही अजून." ती बरं म्हणाली आणि पुन्हा टॉयलेटकडे गेली.

गुरुवारी दुपारी आकडा आला. गाबोळीत विष होतं, पण नावापुरतं. तेवढ्याने काही होण्यासारखं नव्हतं. मी हॉस्पिटलात धावतच गेले. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला, बहिणीचे चार दिवसांचे रक्ताचे कागद त्याच्या शेजारी ठेवले, आणि पहिल्यांदा हसल्या. "दोघंही उत्तम. उद्या घरी जा." बहीण रडायला लागली, मी रडायला लागले, शेजारच्या पलंगावरची अनोळखी बाईसुद्धा डोळे पुसायला लागली. बहिणीने नाशिकला फोन लावला आणि नुसती हुंदके देत राहिली. पलीकडे बिचाऱ्याचा काय जीव झाला असेल!

आई दाराजवळ उभी होती. ती हळूच पुढे आली आणि मला म्हणाली, "म्हणजे मग मलाही काही होणार नाही ना गं?"

"तुला काय व्हायचंय?"

"नाही, म्हणजे... मी ते टाकलं नव्हतं. कालवण."

मी तिला बाहेर बाकावर नेऊन बसवलं. ती चूक केलेल्या पोरीसारखी पदराशी चाळा करत होती.

"तुम्ही दोघी गेलात आणि मी बसले खायला. दोन वाट्या खाल्ल्या भातावर. काळीज सगळं मीच खाल्लं, तू म्हणालीस ना त्यातच साठतं म्हणून."

"का पण? का?"

"तूच म्हणतेस, खाणाऱ्याच्या पोटात बघितलं की खाल्लेलं कळतं. तुझा मासा मी शिजवून टाकला. मग कळणार कसं? म्हटलं, मी म्हातारी, मी जास्त खाल्लं, तर माझं तिच्याआधी कळेल. मला काय होतं ते बघून डॉक्टर तिला औषध देतील." मग ती म्हणाली, "रविवारी रात्रीपासून पोटात कळा येतायत. पण म्हटलं सांगितलं तर तू दोघींमध्ये धावशील. उगाच तुझं लक्ष नको वाटून जायला."

चार दिवस ती माझ्या शेजारी बसून स्वतःच्या डोळ्यांचा रंग आरशात बघून येत होती. आणि मी तिला अडाणी म्हणाले होते.

गाबोळीचा आकडा तिच्या कामाचा नव्हता. गाबोळीत नावापुरतं असलं तरी काळजात किती होतं ते मोजायला आता काहीच शिल्लक नव्हतं. मी तिला हाताला धरून आत नेलं, आणि डॉक्टरीणबाईंना मला सगळी गोष्ट दुसऱ्यांदा सांगावी लागली. आईचं रक्त घेतलं. यकृताचे आकडे चढलेले होते. बहीण घरी गेली तेव्हा आई तिथेच दाखल झाली, त्याच मजल्यावर. मग मला कळलं की आधीचे चार दिवस मी ज्याला भीती म्हणत होते ती भीती नव्हतीच. त्या दिवसांत मला काहीतरी मोजता येत होतं. आता रोज सकाळी कागद यायचा आणि मी तो उघडायच्या आधी भिंतीला टेकून उभी राहायचे. आई पलंगावरून विचारायची, "काय म्हणतोय तुझा नमुना?" थट्टा करायची मेली. मला हसू यायचं नाही.

आकडे हळूहळू उतरले. महिना गेला. विषानेच चढले होते की आणखी कशाने, हे डॉक्टरीणबाईंनी शेवटपर्यंत छातीठोकपणे सांगितलं नाही, आणि मीही सांगू शकत नाही. बहिणीला मुलगी झाली. नाकी डोळी छान आहे आणि आवाज तिच्या आजीचा आहे. वॉचमनकाकांनी पुन्हा तिथला मासा खाल्लेला नाही, निदान मला तसं सांगतात. तळ्याचा हिरवा रंग पावसाने धुऊन नेला आणि पुढच्या उन्हाळ्यात तो आलाच नाही, त्यामुळे तसे मासे मला पुन्हा मिळाले नाहीत. विष वर चढताना वाढतं की विरतं, या माझ्या प्रश्नाचं निदान त्या तळ्यापुरतं उत्तर नाही.

परवा मी घरी बसून अहवालाचा तक्ता पूर्ण करत होते. शेवाळ, पाणकिडे, चिलापी, मरळ, प्रत्येकापुढे आकडे. मरळीच्या यकृताच्या दोन रकान्यांत काहीच नव्हतं. रिकामं सोडलं तर विचारतात, म्हणून मी दोन्हीकडे लिहिलं, नमुना उपलब्ध नाही. आतून आई ओरडली, "पानं घेतलीयत, येतेस का? की त्या माशांनाच वाढू?" मी म्हटलं, तू बस, मी आलेच. ती बसली नाही. तो एक रविवार सोडला तर माझ्याआधी ती कधी जेवलेली नाही.